लंडनच्या फ्लॅटचा सर्व्हिस चार्ज: बिल वाचायचं कसं, विचारायचं कसं

डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत मेंटेनन्सवरून भांडण झालं की ते वार्षिक सभेत व्हायचं. बाबा हिशेबाचा कागद घेऊन उभे राहायचे, सेक्रेटरी काका चिडायचे, मध्येच कुणीतरी वडे मागवायचं, आणि पुढच्या महिन्यात टँकरच्या पाण्याचा आकडा गुपचूप दुरुस्त होऊन यायचा. हॅरोमध्ये फ्लॅट घेतल्यावर पहिलं सर्व्हिस चार्जचं बिल आलं तेव्हा मीही तेच करायला गेले. मॅनेजिंग एजंटला फोन लावला आणि आवाज चढवला. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली, "तुमची नाराजी मी नोंदवून ठेवते." नाराजी नोंदली गेली. बिल होतं तसंच राहिलं.

इथे आवाजाचा उपयोग नाही, कागदाचा आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली. कुठला कागद, कुणाकडे, कुठल्या तारखेच्या आत मागायचा एवढं ठाऊक असलं की अर्धं काम होतं. नव्याने फ्लॅट घेतलेल्या आपल्या मंडळींना ती दोन वर्षं घालवावी लागू नयेत म्हणून हे लिहिते आहे. यातलं सगळं इंग्लंडमधल्या फ्लॅटबद्दल आहे. वेल्समध्ये कायदा बराचसा तोच, पण न्यायाधिकरण वेगळं. स्कॉटलंडमध्ये फ्लॅटमालकीची पद्धतच निराळी आहे, त्यामुळे एडिंबरा-ग्लासगोवाल्यांनी यातलं काही तिकडे लावू नये.

आधी एक कडू गोष्ट: कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू आहात

चार-पाच लाख पौंड मोजून, पंचवीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन "भाडेकरू" ऐकायला कुणाला आवडेल? पण लीजहोल्ड म्हणजे तेच. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची. तुम्ही विकत घेतला तो ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांचा राहण्याचा हक्क. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजवरच्या भूखंडावर ज्यांची घरं आहेत त्यांना ही कल्पना नवी नाही. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींत वाढलेल्यांना तर मी पागडीचं उदाहरण देते. एकरकमी पैसे मोजले, खोली आपली म्हणून वागतो, विकतोही. पण वर मालक आहेच आणि छप्पर कधी शाकारायचं ते तो ठरवतो.

फरक महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थेत खर्च ठरवणारे आणि भरणारे एकच, म्हणजे सभासद. इथे खर्च फ्रीहोल्डर किंवा त्याने नेमलेला मॅनेजिंग एजंट ठरवतो आणि भरता तुम्ही. ज्याच्या खिशातून जात नाही तो ठरवणार, म्हणून संसदेने भरणाऱ्याच्या हातात काही हक्क दिले. त्यातले बहुतेक १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टमध्ये आहेत. पुढे नुसतं "कलम" म्हटलं की ते याच कायद्यातलं समजा. २०२४ मध्ये नवा सुधारणा कायदा झाला खरा, पण त्यातली कलमं टप्प्याटप्प्याने लागू होतात. तेव्हा "आता सगळं बदललं" असं व्हॉट्सॲपवर वाचलं तर ते कलम प्रत्यक्षात लागू झालं आहे का ते आधी बघा.

पहिली पायरी: लीज शोधा आणि बसून वाचा

घर घेताना सॉलिसिटरने एक जाडजूड पीडीएफ पाठवलेली असते. आपण सही कुठे करायची तेवढी पानं बघितलेली असतात. ती पीडीएफ म्हणजे लीज. सापडत नसेल तर लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून थोड्या पौंडांत प्रत मिळते. ते काम आजच करा, कारण लीजमध्ये जे लिहिलेलं नाही ते तुमच्याकडून सर्व्हिस चार्ज म्हणून घेता येत नाही. एजंटचं माहितीपत्रक, त्याची ईमेल, "आम्ही सगळ्याच इमारतींत असंच करतो" हे त्याचं म्हणणं, यांतलं काहीही लीजच्या वर नाही.

वाचताना पेन्सिल घ्या आणि इतकंच शोधा. तुमचा वाटा किती: टक्क्यांत आहे, चोविसावा हिस्सा असा आहे, की "योग्य आणि वाजवी प्रमाण" असं मोघम लिहिलं आहे? कुठला खर्च त्यात येतो, याची यादी बहुधा शेवटच्या परिशिष्टांत असते. आगाऊ पैसे मागता येतात का आणि कोणत्या तारखांना? राखीव निधी जमवायची परवानगी आहे का? आणि "बिल्डिंग" व "इस्टेट" या शब्दांची व्याख्या काय? ही शेवटची गोष्ट कंटाळवाणी वाटते, पण माझे पैसे तिनेच परत मिळवून दिले. ती कथा पुढे येईल.

लीज घर घेण्याच्या आधी वाचणं सर्वांत बरं. वेल्सच्या गॉवर किनाऱ्यावर ऑक्सविच इथे सुट्टीतल्या बंगल्यांचा एक पार्क आहे. तिथल्या काही लीजमध्ये वर्षाला ९० पौंड सर्व्हिस चार्ज आणि दरवर्षी दहा टक्के चक्रवाढ, असं लिहिलं होतं. महागाई जोरात होती त्या काळात कुणाला ते खुपलं नसावं. १९८० मध्ये दिलेल्या लीजवर हा आकडा २०१५ पर्यंत अडीच हजारांवर गेला आणि लीज संपेपर्यंत, म्हणजे २०७२ पर्यंत, वर्षाला साडेपाच लाख पौंडांच्या वर जाणार होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१५ मध्ये कोर्टाने सांगितलं की शब्द स्पष्ट आहेत, करार महाग पडला म्हणून आम्ही तो बदलून देणार नाही. त्यातला धडा असा की खर्चाप्रमाणे कमीजास्त होणाऱ्या सर्व्हिस चार्जला कायद्याचं संरक्षण आहे. लीजमध्येच ठरावीक आकडा किंवा ठरावीक वाढ लिहिली असेल तर "हे वाजवी नाही" हा मुद्दा चालत नाही.

दुसरी पायरी: हातात आलेला कागद नक्की कोणता आहे?

सगळ्याच कागदांना आपण "बिल" म्हणतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. वर्षाच्या सुरुवातीला येतं ते अंदाजपत्रक. त्याच्या आधारे, बहुधा सहामाही, आगाऊ मागणी येते. जुन्या लीजमध्ये या तारखा २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर अशा असतात. इंग्रजांची ही जुनी तिमाहीची पद्धत आहे, म्हणून नाताळच्या दिवशी पैसे देय झाले तर चक्रावू नका. आणि वर्ष संपल्यावर येतो तो खरा हिशेब. खर्च जास्त झाला असेल तर फरक भरा, कमी झाला असेल तर पुढच्या बिलात वळता होतो.

अंदाजपत्रकावर फार वेळ भांडू नका. तो अंदाज आहे, वाजवी असला म्हणजे पुरे. खरा कस वर्षअखेरच्या हिशेबाचा.

मागणीचं पत्र हातात आलं की पैसे बघायच्या आधी तीन गोष्टी तपासा. एक, त्यावर फ्रीहोल्डरचं नाव आणि पत्ता आहे का? फक्त एजंटचं नाव असून भागत नाही. दोन, सोबत "भाडेकरूचे हक्क आणि जबाबदाऱ्या" सांगणारा ठरावीक मजकुराचा कागद आहे का? तो किमान १० पॉइंटच्या अक्षरात असावा लागतो. कायदा करणाऱ्यांनी भिंगाचाही विचार केला होता. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर ती दुरुस्त होईपर्यंत रक्कम देय होत नाही. मात्र ही पळवाट कायमची नाही. एजंट चूक सुधारून नवं पत्र पाठवतो आणि पैसे भरावेच लागतात.

तीन, आणि ही खरी दमदार गोष्ट: खर्च कधीचा आहे? कलम २०ब म्हणतं की खर्च झाल्यापासून १८ महिन्यांच्या आत त्याची मागणी यायला हवी, किंवा निदान "इतका खर्च झाला आहे, तो तुमच्याकडून घेतला जाईल" अशी लेखी सूचना तरी. दोन्ही नसेल तर तो खर्च गेला. एजंट बदलल्यावर तीन-चार वर्षांपूर्वीचे "राहून गेलेले" आकडे अचानक उगवतात, तेव्हा हे कलम आठवा.

तिसरी पायरी: ओळीओळीने वाचा, पण सगळ्या ओळींवर सारखा वेळ घालवू नका

सफाई आणि जिन्यातली वीज यांवर लोक सर्वांत जास्त तावातावाने बोलतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. "आठवड्यातून एकदा येतो आणि नुसता झाडू फिरवतो." खरं असेल, पण त्यात तुमचे वर्षाला किती वाचणार? मोठे पैसे दुसरीकडे असतात.

इमारतीचा विमा बघा. विमा फ्रीहोल्डर काढतो, हप्ता तुम्ही भरता, आणि त्यावर १२ टक्के विमा-कर. वर्षानुवर्षं यात दलालीची गोम होती. विमा कंपनी कमिशन द्यायची आणि त्यातला हिस्सा एजंट किंवा फ्रीहोल्डरकडे जायचा. म्हणजे हप्ता जितका महाग तितकं त्यांचं बरं. २०२३ च्या अखेरीस वित्तीय नियामकाने नियम बदलले. आता विम्याचा तपशील आणि कमिशन किती दिलं हे लीजहोल्डरना कळायला हवं. याशिवाय १९८५ च्या कायद्याखालीही विम्याचा गोषवारा किंवा पॉलिसीची प्रत लेखी मागता येते आणि ती २१ दिवसांत द्यावी लागते. कमिशनचा आकडा थेट विचारा. लाजू नका.

मग व्यवस्थापन शुल्क. ते दर फ्लॅटमागे किती पडतं ते काढा, वर २० टक्के व्हॅट. त्या शुल्कात काय येतं हे एजंटच्या करारात असतं. कधी कधी जे काम मूळ शुल्कात आहे त्याचेच वेगळे पैसे "देखरेख", "टपाल", "हिशेब तयार करणे" अशा नावांनी लावलेले सापडतात.

राखीव निधी आपल्याकडच्या सिंकिंग फंडासारखाच. महाराष्ट्रात उपविधींनुसार तो बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का असा ठरलेला असतो, इथे कायद्याने ठरलेला आकडा नाही; लीजमध्ये परवानगी हवी, एवढंच. हा पैसा ट्रस्ट म्हणून ठेवावा लागतो, एजंटच्या खर्चाला वापरता येत नाही. घर विकलं तरी तुमचा जमा हिस्सा परत मिळत नाही, तो इमारतीबरोबर राहतो. त्यामुळे निधीत भरपूर पैसे असतील तर ही गोष्ट विकताना ग्राहकाला जरूर सांगा.

आणि एक वेगळी जात: प्रशासकीय आकार. उशिराच्या पत्राचे ६० पौंड, फ्लॅट भाड्याने देण्याच्या परवानगीचे १५० पौंड, असले. हे सर्व्हिस चार्जमध्ये मोडत नाहीत, पण २००२ च्या कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म ॲक्टनुसार तेही वाजवी असावे लागतात आणि त्यांच्याही मागणीबरोबर हक्कांचा वेगळा कागद लागतो. आपल्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांनी पुण्याला परत जातात आणि फ्लॅट भाड्याने देतात. त्यांनी जाण्याआधी एजंटला टपालाचा नवा पत्ता लेखी कळवावा. नाहीतर पत्रं फ्लॅटच्या दारात साचत राहतात आणि वर दंडाची पत्रं साचतात. हे मी एकापेक्षा जास्त घरांत बघितलं आहे.

चौथी पायरी: कागद मागा

इथे माझी कथा. आमची इस्टेट दोन इमारतींची. मागची सहा मजली, लिफ्टवाली. आमची तीन मजली, जिना चढायचा. वर्षअखेरच्या हिशेबात एक ओळ होती: "लिफ्ट देखभाल व दुरुस्ती". माझ्या वाट्याला वर्षाला काही सत्तावीस पौंड. नवरा म्हणाला, सोड, एवढ्यासाठी कोण पत्रं लिहीत बसणार. पण मला ती ओळ सोडवेना. ज्या लिफ्टने मी कधी चढले नाही तिचं तेलपाणी मी का करायचं?

कलम २१ खाली मी लेखी विनंती केली की मागच्या हिशेबी वर्षाच्या खर्चाचा गोषवारा द्या. अशी विनंती आली की महिन्याभरात, किंवा हिशेबी वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, यांतलं जे नंतरचं असेल तोवर गोषवारा द्यावाच लागतो. तो आला. मग कलम २२: गोषवारा मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मी पावत्या आणि बिलं बघायला मागितली. फ्रीहोल्डरने महिन्याभरात ती सोय करून द्यायची आणि दोन महिने चालू ठेवायची. बघायला पैसे लागत नाहीत. प्रती हव्या असतील तर वाजवी आकार द्यावा लागतो. या विनंत्या सबबीशिवाय धुडकावणं हा गुन्हा आहे, दंडही आहे, पण त्या धमकीवर मदार ठेवू नका. तुम्हाला कागद हवे आहेत, खटला नाही.

पत्र लहान असावं. तुमचं नाव, फ्लॅटचा क्रमांक, कुठलं हिशेबी वर्ष, कुठल्या कलमाखाली काय हवं, आणि तारीख. बस. त्यात सफाईवाल्याची तक्रार, शेजाऱ्याचा कुत्रा, मागच्या वर्षीचा राग यांतलं काही घालू नका. मिसळीसारखं पत्र लिहिलं की उत्तरही मिसळीसारखं येतं: सगळ्याला थोडं थोडं, आणि मूळ प्रश्नाला काहीच नाही. ईमेल करा, पण शिवाय टपालानेही पाठवा आणि पोस्टाची पावती ठेवा.

एजंटच्या कार्यालयात एका शुक्रवारी मला दोन खोकी दाखवली. लिफ्टच्या सगळ्या बिलांवर मागच्या इमारतीचा पत्ता होता. लीजमध्ये माझा वाटा "बिल्डिंग"च्या खर्चात होता आणि "इस्टेट" या व्याख्येत रस्ता, बाग आणि फाटक एवढंच होतं. लिफ्ट कुठेच बसत नव्हती. मी लीजची ती दोन पानं आणि एका बिलाची प्रत जोडून चार ओळी लिहिल्या. पाच आठवड्यांनी रक्कम वळती झाली, आणि आमच्या इमारतीतल्या अठराही फ्लॅटना. पहिल्या मजल्यावरच्या आयरिश आजींनी मला त्यानंतर वर्षभर घरचा जॅम दिला.

मध्येच एक इशारा: पैसे रोखू नका

रागाच्या भरात भरणा थांबवणं ही नवख्यांची सर्वांत महाग चूक. थकबाकीवर व्याज आणि पत्रांचा खर्च चढतो. एजंट तुमच्या बँकेला लिहू शकतो. बँका अनेकदा घाबरून स्वतः भरतात आणि ती रक्कम कर्जात मिळवतात. शेवटचं टोक म्हणजे लीज जप्त होणं. ते सोपं नाही. थकबाकी ३५० पौंडांच्या वर किंवा तीन वर्षांहून जुनी असावी लागते, आणि ती रक्कम तुम्ही मान्य केलेली किंवा न्यायाधिकरणाने, कोर्टाने ठरवलेली असावी लागते. पण हे जुनं हत्यार अजून म्यानात आहे, मोडीत काढलेलं नाही.

म्हणून जो भाग मान्य आहे तो वेळेवर भरा. वादाचा भागही शक्य असेल तर भरा आणि सोबत लिहा की ही रक्कम हरकत राखून भरते आहे. नुसतं भरलं म्हणून तुम्ही ती मान्य केली असं होत नाही, हे कलम २७अ मध्येच लिहिलं आहे. मात्र ईमेलमध्ये "ठीक आहे, हा खर्च मला मान्य" असं सौजन्यापोटी लिहून बसू नका. आपल्याला गोड बोलून विषय संपवायची सवय असते. मान्य केलेल्या रकमेवर नंतर न्यायाधिकरणात जाता येत नाही.

मोठं काम निघालं की

छप्पर, रंग, खिडक्या, गटारं. असं काम निघालं आणि कुठल्याही एका फ्लॅटच्या वाट्याला २५० पौंडांहून जास्त येणार असेल तर कलम २० प्रमाणे आधी सल्लामसलत करावी लागते. हिशेब करून बघा. चोवीस फ्लॅट, सारखा वाटा, १८,००० पौंडांचं छप्पर. प्रत्येकी ७५०. म्हणजे सल्लामसलत हवीच. ती केली नाही तर फ्रीहोल्डरला प्रत्येकी २५० च घेता येतात, एकूण ६,०००. उरलेले १२,००० त्याच्या खिशातून.

पद्धत अशी. पहिली नोटीस येते: काय काम, का. तुम्हाला मत मांडायला आणि आपल्या माहितीतला कंत्राटदार सुचवायला ३० दिवस. दुसरी येते दरपत्रकांची: किमान दोन, त्यातलं एक तरी फ्रीहोल्डरशी संबंध नसलेल्याचं. पुन्हा ३० दिवस. सर्वांत कमी दराचं किंवा तुम्ही सुचवलेल्याचं नाकारून तिसऱ्यालाच काम दिलं तर २१ दिवसांत कारण कळवायचं. या नोटिसा जाहिरातीसारख्या दिसतात म्हणून रद्दीत जातात. पहिली नोटीस हीच खरी संधी. ओळखीचा कंत्राटदार सुचवायचा असेल तर तेव्हाच.

बारा महिन्यांहून जास्त मुदतीच्या करारांनाही, कुणाच्याही वाट्याला वर्षाला १०० पौंडांहून जास्त येत असतील तर, हाच नियम. एजंटचा करार ३६४ दिवसांचा का असतो हे कोडं आता सुटेल.

पण हे ब्रह्मास्त्र समजू नका. चूक झाली तर फ्रीहोल्डर न्यायाधिकरणाकडे सूट मागू शकतो. २०१३ मध्ये मसवेल हिलच्या एका इमारतीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बघायचं ते हे: सल्लामसलत नीट न झाल्यामुळे लीजहोल्डरचं खरंच नुकसान झालं का? तिथे फ्रीहोल्डरला सूट मिळाली, पण बिलात ५०,००० पौंडांची कपात करून. म्हणून "नोटीस आली नाही" एवढं म्हणून थांबू नका. आली असती तर तुम्ही काय म्हणाला असता, कुठला स्वस्त दर आणला असता, ते मांडा.

इमारत किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली असेल आणि क्लॅडिंगचं (बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाचं) किंवा आगीच्या सुरक्षिततेचं काम निघालं असेल तर आधी २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट बघा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतरचा हा कायदा. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्लॅट कुणाचा होता आणि त्या मालकाची देशात किती घरं होती यावर संरक्षण ठरतं. पात्र लीजला धोकादायक क्लॅडिंगचा खर्च शून्य. इतर दोषांना बहुतेक फ्लॅटसाठी लंडनमध्ये १५,००० आणि बाहेर १०,००० पौंडांची मर्यादा. असं बिल आलं तर पैसे भरण्याआधी सल्ला घ्या.

न्यायाधिकरण

एजंटच्या तक्रार-पद्धतीतून गेलात आणि प्रश्न वागणुकीचा असेल, म्हणजे पत्रांना उत्तर न देणं, दिरंगाई, तर लोकपाल योजना आहेत. इंग्लंडमधल्या प्रत्येक मॅनेजिंग एजंटला त्यातल्या एकीचा सभासद असावंच लागतं. काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनचा फ्लॅट असेल तर हाउसिंग ओम्बड्समन. पण "ही रक्कम देय आहे का, वाजवी आहे का" हा प्रश्न फर्स्ट-टियर ट्रायब्युनलच्या प्रॉपर्टी चेंबरचा. अर्ज कलम २७अ खाली. अर्जाला शंभर पौंडांच्या थोडं वर, सुनावणी झाली तर आणखी सुमारे दुप्पट. वकील लागत नाही. मोफत मध्यस्थीचीही सोय आहे.

तिथे दोन प्रश्न विचारले जातात: खर्च करणं वाजवी होतं का, आणि काम वाजवी दर्जाचं झालं का. "यापेक्षा स्वस्त मिळालं असतं" एवढ्याने भागत नाही. वाजवी म्हणजे सर्वांत स्वस्त नव्हे. तुलनेचे दर आणा, तारखेसह फोटो आणा, ओळीओळीचा तक्ता करा.

आणि अर्जातल्या दोन चौकोनांत खूण करायला विसरू नका. इथे सहसा ज्याचा त्याने आपला खर्च सोसायचा असतो. पण तुमच्या लीजमध्ये कायदेशीर खर्च सर्व्हिस चार्जमध्ये घालायची मुभा असेल तर तुम्ही जिंकलात तरी फ्रीहोल्डरच्या वकिलाची फी पुढच्या वर्षी तुमच्याच बिलात येऊ शकते. कलम २०क आणि २००२ च्या कायद्यातली जोडतरतूद, या दोन्हींखाली "तसं करू देऊ नका" असं अर्जातच मागता येतं. न मागितल्यामुळे जिंकून हरलेले लोक आहेत.

अर्ज करण्याआधी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिसला विचारा. ही सरकारी खर्चाने चालणारी संस्था मोफत सल्ला देते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत मिळणारा सल्लाही मोफतच असतो, पण त्यातला निम्मा स्कॉटलंडचा आणि निम्मा अंधेरीचा असतो.

एकट्याने नको असेल तर

शेजाऱ्यांशी बोला. सर्व्हिस चार्ज भरणाऱ्यांपैकी साधारण निम्मे एकत्र आले तर भाडेकरू संघटनेला मान्यता मिळू शकते, आणि अशी संघटना गोषवारा मागू शकते, हिशेब तपासायला सर्वेअर नेमू शकते. त्याच्याही पुढे राइट टू मॅनेज. इमारतीतल्या निम्म्या फ्लॅटच्या लीजहोल्डरनी कंपनी काढून व्यवस्थापन स्वतःकडे घ्यायचं. फ्रीहोल्डरची काही चूक दाखवावी लागत नाही. मार्च २०२५ पासून हे थोडं सोपंही झालं आहे: इमारतीत दुकानं-कार्यालयं असली तरी निम्म्या क्षेत्रफळापर्यंत चालतात, आधी ही मर्यादा पाव होती. थोडक्यात, तुम्ही पुन्हा सोसायटीच काढता. सेक्रेटरी काकांसकट.

आमच्या अठरा फ्लॅटनी ते केलं आणि मी संचालक झाले. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर नवा आलेल्या मुलाचं पत्र आलं. लहान, तारखेसह, कलम २२ खाली सगळ्या पावत्या बघायच्या आहेत म्हणून. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्यासमोर तीन फायली ठेवल्या आणि चहा टाकला. दीड तासाने त्याने जिन्यातल्या दिव्यांचं एक बिल दोनदा लावलेलं शोधून काढलं.